चिठ्ठीवरचा 'पातळ थर' म्हणजे नेमका किती?

प्रश्न

प्रौढ व्यक्ती, जुना एक्झिमा. दोन्ही कोपरांच्या आतल्या घडीत आणि दोन्ही गुडघ्यांमागच्या लवणीत चट्टे आहेत. कातडी कोरडी, जाड, खाजरी. पाणी सुटत नाही. मोमेटासोन 0.1 टक्के मलम दिवसातून एकदा, 14 दिवस, असं लिहून दिलंय. पुढे फक्त 'पातळ थर लावा'. पातळ म्हणजे किती? मॉइश्चरायझर आधी लावायचं की नंतर? आणि आधीचं हायड्रोकॉर्टिसोन 1 टक्का होतं, त्यानं फरक पडला नाही. आता 0.1 टक्के, म्हणजे दहापट सौम्य औषध कशासाठी?

उत्तर १

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यात फसगत मोठी आहे. टक्केवारीवरून दोन वेगळ्या स्टेरॉइडांची ताकद मोजता येत नाही. हायड्रोकॉर्टिसोन 1 टक्का हे सौम्य गटातलं, मोमेटासोन 0.1 टक्के हे तीव्र गटातलं आणि क्लोबेटासॉल फक्त 0.05 टक्के असूनही अतितीव्र. तुमचं औषध वाढवलंय, कमी केलेलं नाही.

आता माप. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, घडीपासून टोकापर्यंत, ट्यूबमधून मलमाची एक सरळ रेघ काढा. याला फिंगरटिप युनिट म्हणतात. ट्यूबचं तोंड 5 मिलिमीटरचं असेल तर हे साधारण अर्धा ग्रॅम भरतं. तोंड बारीक असेल तर रेघ तेवढीच दिसते पण मलम कमी निघतं, हे लक्षात असू द्या. एवढं मलम मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. तळवा म्हणजे बोटं जुळवून अख्खा पंजा. प्रत्येक चट्टा एका पंजाएवढा धरला तर चार जागांना दोन पेरं, म्हणजे रोज 1 ग्रॅम. 15 ग्रॅमची ट्यूब 14 दिवसांत जवळजवळ संपायला हवी. महिनाभर पुरली, तर औषध 'लागू पडत नाही' असं म्हणण्यात अर्थ नाही. ते पोचलेलंच नाही.

मुलांसाठीही पेर मोठ्या माणसाचंच मोजायचं. 3 ते 5 वर्षांच्या मुलाचा एक अख्खा हात पंजासकट माखायचा तर 2 पेरं लागतात, पाय पावलासकट 3.

उत्तर २

वरच्या मापाशी सहमत. मॉइश्चरायझरचा क्रम कुठलाही चालेल, फक्त एकच ठरवून तो पाळा. महत्त्वाचं आहे ते मधलं अंतर: 20 ते 30 मिनिटं. स्टेरॉइडवर लगेच मॉइश्चरायझर फासलं तर स्टेरॉइड विरळ होतं आणि शेजारच्या निरोगी कातडीवर पसरतं. अंघोळीनंतर अंग खसाखसा न पुसता टिपून घ्या. मॉइश्चरायझरला मात्र 'पातळ थर' लागू नाही. एक्झिमा अंगभर असेल तर प्रौढाला आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम लागतं. लव ज्या दिशेनं असते त्याच दिशेनं हात फिरवा. उलटं चोळलं की केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येतात.

एक इशारा, जो सहसा कुणी देत नाही: पॅराफिनचं मलम कपड्यांत आणि चादरीत मुरतं आणि तो कपडा झटकन पेट घेतो. धुतल्यावरही ते पूर्ण जात नाही. शेगडी, काडेपेटी, सिगारेट यांपासून लांब.

प्रश्नकर्ता

आभार. 14 दिवसांच्या आधीच खाज थांबली तर बंद करायचं का? आणि मानेवर व पापणीवर थोडं आहे, तिथे हेच चालेल?

उत्तर १

पापणीवर हे लावू नका. तिथली कातडी फार पातळ. औषध कितीतरी जास्त शोषलं जातं, शिवाय डोळ्यातला दाब वाढण्याचा धोका. चेहरा, मान, काख, जांघ यांसाठी वेगळं औषध विचारून घ्या. उलट तळपायाची कातडी इतकी जाड की तिथे सौम्य स्टेरॉइड वाया जातं.

थांबण्याची खूण खाज नव्हे, बोट. डोळे मिटून चट्ट्यावरून बोट फिरवा. खरखर आणि जाडी गेली, कातडी शेजारच्यासारखी लागली, की जळजळ शमली. मागे राहणारा काळपट डाग हा रोग नव्हे. तो महिनोन्महिने टिकतो. सगळ्यात जास्त गैरवापर इथेच होतो: डाग जावा म्हणून स्टेरॉइड घासत राहायचं. मग कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात आणि घड्यांमध्ये कायमचे ताणाचे व्रण पडतात. त्याच जागी पुन्हापुन्हा उसळत असेल तर आठवड्यातून दोनच दिवस लावण्याची पद्धत आहे, पण ती डॉक्टरांशी ठरवून.

उत्तर ३

एक भर. चट्ट्याची कड उंचावलेली, खवल्यांची आणि मधला भाग निवळलेला असेल, तर तो एक्झिमा नसून गजकर्ण, म्हणजे बुरशीचा संसर्ग, असू शकतो. स्टेरॉइडनं त्याची खाज कमी होते म्हणून बरं वाटतं, पण बुरशी आत पसरत राहते आणि कडा पुसट झाल्यानं पुढे निदान अवघड होतं. शंका असेल तर लावण्याआधीच कड खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडची तपासणी (खरवड सूक्ष्मदर्शकाखाली पाहून बुरशी शोधण्याची) करून घ्यावी.

पिवळी मधासारखी खपली धरली किंवा पू दिसला तर जंतुसंसर्ग समजा. आणि एकाच आकाराचे, मधे खड्डा पडलेले दुखरे फोड भराभर उठले, सोबत ताप आला, तर तो हर्पीसचा विषाणू असू शकतो. तेव्हा स्टेरॉइड लावत बसू नका; त्याच दिवशी दवाखाना गाठा.