पुश्काशला नक्की कुठे बसवायचं? १९५४ ची फायनल हरला म्हणून मागे पडला का?

मैदानवेडा
मंडळी, जुन्या फुटबॉलचे दर्दी इथे बरेच आहेत म्हणून विचारतो. फिफा २००९ पासून वर्षातल्या सगळ्यात सुंदर गोलला पुश्काश अवॉर्ड देते, पहिलं रोनाल्डोला मिळालं, हे सगळ्यांना माहितीये. पण ज्याच्या नावाने अवॉर्ड आहे त्या फेरेन्क पुश्काशबद्दल विचारलं की बहुतेकांकडे दोनच वाक्यं असतात, हंगेरीसाठी ८५ मॅचमध्ये ८४ गोल, आणि १९५४ ची वर्ल्ड कप फायनल हरला. २०१८ च्या वर्ल्ड कपमध्ये मोरोक्कोविरुद्ध रोनाल्डोने ८५ वा गोल मारून युरोपचा रेकॉर्ड मोडला तेव्हा पुश्काशचं नाव दोन दिवस सगळीकडे होतं, मग परत सामसूम.

पेले, मॅराडोना, क्रायफ यांच्या पंगतीत त्याला बसवायचं का, आणि बसवायचं तर कशाच्या जोरावर? नुसत्या आकड्यांवरून मला काही बोध होत नाही, त्या काळी गोल पडायचेच भरपूर असंही लोक म्हणतात. कोणी नीट समजावून सांगेल का?

बुटाचा_तळ
आकडे राहू दे बाजूला, एक गोल सांगतो. २५ नोव्हेंबर १९५३, वेम्बली, इंग्लंड विरुद्ध हंगेरी. ब्रिटिश बेटांबाहेरच्या कुठल्याही टीमने इंग्लंडला त्यांच्या घरात तोवर हरवलेलं नव्हतं. १ लाखाच्या वर पब्लिक. हिदेगकुटीने पहिल्याच मिनिटात गोल मारला होता, आणि साधारण २४ व्या मिनिटाला चिबोर उजवीकडून बॉल घेऊन गोललाइनपर्यंत आला आणि त्याने आत पुश्काशला दिला. पुश्काश गोलपोस्टच्या अगदी जवळ, समोर इंग्लंडचा कॅप्टन बिली राइट. राइट बॉलसाठी पूर्ण घसरत आला. पुश्काशने डाव्या बुटाचा तळ बॉलवर ठेवला, बॉल मागे ओढला, राइट समोरून घसरत निघून गेला, आणि त्याच पायाने त्याने जवळच्या पोस्टच्या बाजूने बॉल आत ठोकला. हे सगळं जेमतेम सेकंदभरात. आज अकादमीतली पोरं ड्रॅग बॅक सर्रास करतात, पण १९५३ मध्ये, त्या जड चामडी बॉलने, वेम्बलीवर, इंग्लंडच्या कॅप्टनसमोर!

मॅच ६-३ सुटली. हिदेगकुटी ३, पुश्काश २, बोझिक १. पुढच्या मे महिन्यात इंग्लंडची टीम परतफेडीला म्हणून बुडापेस्टला गेली आणि ७-१ ने मार खाऊन आली.

गोल सोपे होते म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन की हंगेरीचा कोच गुस्ताव शेबेश याने जी रचना केली होती ती आधी समजून घ्या. हिदेगकुटी ९ नंबर घालायचा पण खेळायचा मागे, मिडफिल्डच्या जवळ. इंग्लंडच्या सेंटर हाफला (म्हणजे बचावातल्या मधल्या खेळाडूला) कळेचना की याच्या मागे जायचं की जागेवर थांबायचं. मागे गेला तर मधे भगदाड, आणि त्या भगदाडात पुश्काश आणि कोचिश घुसणार. थांबला तर हिदेगकुटी मोकळा. म्हणजे गोल सोपे नव्हते, या लोकांनी ते सोपे करून घेतले होते. मे १९५० पासून १९५४ च्या फायनलपर्यंत ही टीम हरलीच नाही, मधे १९५२ चं हेलसिंकी ऑलिम्पिक गोल्डसुद्धा घेतलं.

पावसाळी_मैदान
वरच्या भावाने टीमचं बरोबर सांगितलं, पण १९५४ ला नुसतं "हरला" म्हणून पुढे जाणं मला पटत नाही, त्या वर्ल्ड कपची गोष्ट पूर्ण ऐका.

ग्रुपमध्ये हंगेरीने दक्षिण कोरियाला ९-० आणि पश्चिम जर्मनीला ८-३ धुतलं. त्या दुसऱ्या मॅचमध्ये जर्मनीच्या लीब्रिशने पुश्काशच्या घोट्यावर मागून लाथ घातली आणि तो पुढच्या दोन्ही मॅचला बाहेर. ब्राझीलविरुद्धची क्वार्टर फायनल ४-२ पण नुसती हाणामारी. सेमीफायनलला उरुग्वे, एक्स्ट्रा टाइमपर्यंत गेली, ४-२. म्हणजे फायनलला उतरताना टीम दमलेली, आणि कॅप्टन अर्ध्या घोट्यावर.

४ जुलै, बर्न, पाऊस. पुश्काशने ६ व्या मिनिटाला गोल मारला, चिबोरने ८ व्या, २-० झालं आणि सगळ्यांना वाटलं खेळ खल्लास. पण १८ व्या मिनिटाला जर्मनी २-२ वर होती. मग ८४ व्या मिनिटाला राह्नने तिसरा मारला. आणि शेवटच्या काही मिनिटांत पुश्काशने बॉल परत जाळ्यात घातला, रेफ्रीला तो गोल वाटला, आणि लाइन्समनने झेंडा वर केला, ऑफसाइड! यावर आजही वाद चालू आहे, आणि उपलब्ध फिल्मवरून कोणाचंच पूर्ण समाधान होत नाही.

माझं मत विचाराल तर त्या दिवशी पुश्काशला खेळवायला नको होतं. त्या काळी मॅच सुरू झाल्यावर बदली खेळाडू आणता यायचा नाही, त्यामुळे अर्धवट फिट माणूस उतरवणं हा फार मोठा जुगार होता, आणि शेबेशने तो खेळताना वर आणखी विंगची पण उलथापालथ केली, चिबोरला उजवीकडे टाकलं. पण दुसऱ्या बाजूने बघा, तोच जखमी माणूस ६ व्या मिनिटाला गोल मारतो आणि शेवटच्या मिनिटांत पुन्हा बॉल जाळ्यात घालतो. याला मागे पडलेला म्हणायचं?

दुसरी_इनिंग
मी वेगळंच म्हणतोय. वेम्बली, बर्न सगळं मान्य, पण तो सगळा पूर्वार्ध झाला. पुश्काशला त्या पंगतीत मी बसवतो ते १९५६ नंतर जे झालं त्यासाठी.

आधी पार्श्वभूमी. तो बुडापेस्टच्या कडेच्या किश्पेश्टमध्ये वाढला, चिंध्यांच्या बॉलने खेळत, बोझिक त्याचा शेजारी आणि लहानपणापासूनचा जोडीदार. वय कमी होतं म्हणून क्लबमध्ये सुरुवातीला मिक्लोश कोवाच या खोट्या नावाने खेळला. ऑगस्ट १९४५ मध्ये, १८ व्या वर्षी, देशासाठी पहिली मॅच. पुढे सरकारने किश्पेश्ट क्लब सैन्याकडे दिला, त्याचं होनवेद झालं, देशातले चांगले खेळाडू तिथे ओढले गेले आणि पुश्काशला मेजरचा हुद्दा मिळाला. युद्ध वगैरे काही लढला नाही, पण जगभर तो "मेजर" म्हणूनच ओळखला गेला.

ऑक्टोबर १९५६ मध्ये हंगेरीत उठाव झाला, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले. होनवेद तेव्हा युरोपियन कपसाठी बाहेर, बिलबाओशी मॅच. तिकडे ३-२ हरले, आणि परतीची मॅच घरी घेणं शक्यच नव्हतं म्हणून ती ब्रसेल्समध्ये झाली, ३-३. पुश्काश उठावात मारला गेला अशीही बातमी पेपरांत आली होती. टीम परत जायचं सोडून ब्राझीलच्या टूरवर गेली, परवानगी नसताना. टूर संपल्यावर काही जण घरी परतले, बोझिक परतला. पुश्काश, कोचिश, चिबोर परतले नाहीत. आणि मग बंदी. जवळजवळ दोन वर्षं अधिकृत मॅच नाही, ऐन तिशीत.

विचार करा आता. वय ३१, वजन भरपूर वाढलेलं, देश सुटलेला, क्लब नाही, पुढारी आणि अधिकारी विरोधात. कोणत्याही स्काउटने फाइल बंद केली असती. १९५८ मध्ये रियल माद्रिदने त्याला घेतलं, कारण होनवेदचा जुना मॅनेजर ओस्टरायशर तिथे पोचला होता आणि त्याने शब्द टाकला. आणि जिथे घेतलं तिथे कोण होतं, तर डी स्टेफानो! त्या मैदानावर त्याचंच राज्य होतं, तिथे दुसरा राजा चालणारच नव्हता. पुश्काशने भांडण केलं नाही. बॉल कुठे येणार ते ओळखून तिथे उभं राहायचं, पळायचं कमी, आणि डाव्या पायाने संपवायचं. हंगेरीत जो माणूस अख्खी टीम हाकायचा त्याने इथे दुसऱ्याच्या खेळात स्वतःला बसवून घेतलं. माझ्या मते ही त्याची सगळ्यात मोठी हुशारी.

निकाल बघा. माद्रिदसाठी २६२ मॅच, २४२ गोल. लीगचा टॉप स्कोअरर चार वेळा, सगळं ३१ नंतर. आणि १८ मे १९६०, ग्लासगो, हॅम्पडेन पार्क, युरोपियन कप फायनल. समोर फ्रँकफर्ट, ज्यांनी सेमीफायनलच्या दोन मॅच मिळून रेंजर्सना १२ गोल मारले होते. पहिला गोलही फ्रँकफर्टचाच. शेवटी माद्रिद ७-३, पुश्काश ४, डी स्टेफानो ३. युरोपियन कपच्या फायनलमध्ये एकाने ४ गोल, हे त्यानंतर कोणाला जमलेलं नाही. गंमत म्हणजे (खरं तर गंमत नाही, महत्त्वाची गोष्ट आहे) ती मॅच होणंच अडलं होतं. बर्ननंतर पुश्काशने जर्मन खेळाडूंवर डोपिंगचा आरोप केला होता, म्हणून जर्मन फेडरेशनने त्यांच्या क्लबना त्याच्याविरुद्ध खेळायला बंदी घातली होती. त्याने लेखी माफी मागितली तेव्हा कुठे मॅच झाली.

खेळणं थांबवलं १९६६ मध्ये, ३९ वय. आता सांगा, नुसत्या फायनलच्या हरण्यावर त्याला तोलायचं का?

मैदानवेडा
अरे बापरे, दुसरी_इनिंग, बंदीचं मला अजिबातच माहीत नव्हतं, मी समजत होतो तो सरळ होनवेदमधून माद्रिदला गेला. एक विचारू का, माणूस म्हणून कसा होता? कॅप्टन म्हणून फार हेकेखोर होता असं एका ठिकाणी वाचलं. आणि कोच झाल्यावर काही केलं का?

बुटाचा_तळ
हेकेखोर होताच. होनवेद व्हायच्या आधी किश्पेश्टला बेला गुटमान कोच होता. एका मॅचला हाफटाइममध्ये गुटमान एका डिफेंडरवर भडकला आणि म्हणाला तू आता मैदानात जायचं नाहीस, बदली नसली तरी चालेल, १० जण खेळतील. पुश्काशने त्या पोराला सांगितलं, तू चल. तो गेला. गुटमान स्टँडमध्ये जाऊन पेपर वाचत बसला, आणि नंतर नोकरी सोडून दिली. पण बघा, १९५७ च्या त्या ब्राझील टूरला होनवेदबरोबर कोच म्हणून तोच गुटमान होता. आणि १९६२ च्या युरोपियन कप फायनलला समोर बेनफिकाचा कोचही तोच. पुश्काशने त्या फायनलमध्ये हॅटट्रिक मारली तरी बेनफिका ५-३ जिंकली.

कोच म्हणून विचारशील तर १९७१ चं पनाथिनाइकोस. ग्रीसच्या क्लबला युरोपियन कपच्या फायनलपर्यंत नेलं, सेमीफायनलला रेड स्टारकडे ४-१ हरून आल्यावर घरी ३-० मारून. फायनल वेम्बलीवर, समोर क्रायफचं आयाक्स, ०-२. दुसऱ्या कुठल्याही ग्रीक क्लबला तिथवर जाता आलेलं नाही.

पावसाळी_मैदान
ऑस्ट्रेलिया विसरू नका. साउथ मेलबर्नला कोच होता, १९९१ ची नॅशनल लीग जिंकली, आणि त्या टीमचा कॅप्टन होता अँज पोस्टेकोग्लू, जो पुढे इंग्लंडच्या स्पर्स (टॉटनहॅम) क्लबचा मॅनेजर झाला. पुश्काशला इंग्लिश फारसं यायचं नाही पण पनाथिनाइकोसमुळे ग्रीक यायचं, म्हणून दोघं ग्रीकमध्ये बोलायचे, आणि पोस्टेकोग्लू त्याला गाडीतून ने-आण करायचा. पोस्टेकोग्लूच्या टीम गोल खाण्याची पर्वा न करता पुढे जातात ना, ते कुठून आलंय हे तो स्वतःच मुलाखतींत सांगतो.

देशात मात्र त्याला पाऊल ठेवायला मिळालं ते थेट १९८१ मध्ये. २००२ मध्ये बुडापेस्टच्या नॅशनल स्टेडियमला त्याचं नाव दिलं. शेवटची वर्षं अल्झायमरमध्ये गेली, नोव्हेंबर २००६ मध्ये गेला, बुडापेस्टच्या सेंट स्टीफन बॅसिलिकात पुरलंय त्याला. ज्या सरकारी यंत्रणेने त्याला पळपुटा ठरवलं होतं ती तोवर राहिलीच नव्हती.

दुसरी_इनिंग
मैदानवेडा, आता नुसतं वाचू नकोस. १९६० ची फायनल पूर्ण मिळते, ब्लॅक अँड व्हाइट आहे पण स्वच्छ आहे, ती आधी बघ. बघताना बॉलकडे बघू नकोस, बॉल डी स्टेफानोकडे असताना पुश्काश काय करतोय ते बघ. दोन पावलं इकडे, तीन तिकडे, बस एवढंच. मग वेम्बलीचा पहिला हाफ लाव. तिथे २६ वर्षांचा आहे, बॉल सारखा मागायला येतो, हात दाखवतो, ओरडतो. दोन्ही पाहून झाल्या की इथे येऊन सांग, त्याला पंगतीत कुठे बसवायचं ते.