घरी बनवलेला ४×५ कॅमेरा: काचेवर फोकस चोख, निगेटिव्हवर नाही. तातडीने मदत हवी आहे

रानजाई
सात महिने जमेल तसा सागवानात ४×५ इंचाच्या सुट्या फिल्म-शीटचा फील्ड कॅमेरा बनवला. लेन्स आणि मागची चौकट यांच्यामधला भाता स्वतः घड्या घालून केला, मागची चौकट दोनदा मोडून नव्याने केली. मागच्या महिन्यात पहिले फोटो काढले, सुरेख आले. आता माणसांचे काढायला घेतले तर एकही धड येत नाही. मागच्या घासलेल्या काचेवर (फोटो काढताना तिच्या जागी फिल्मचा होल्डर येतो) भिंग लावून पापण्या दिसेपर्यंत फोकस करते आणि निगेटिव्ह धुतली की चेहरा मऊ. चार शीट वाया गेल्या. लेन्स चांगली आहे, होल्डर चांगले आहेत, उजेड कुठून शिरत नाही. हे सगळं तपासून झालंय, कृपया पुन्हा विचारू नका. शुक्रवारी आजी चिपळूणहून येतेय, ९३ वर्षांची आहे, रविवारी संध्याकाळी परत जाणार. तिचा फोटो मला याच कॅमेऱ्यावर काढायचाय. काय चुकतंय?

चौकट
विचारावं तर लागेलच. लेन्स कुठली, किती एफ ला काढले (आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र बारीक), शटर किती, फिल्म कोणती, माणूस किती अंतरावर? आणि निगेटिव्हचं प्रचि (फोटो) टाका.

सागवानी
लाकूड किती सुकवलं होतं? नवीन सागवान पावसाळ्यात हमखास फुगतं आणि पुढची-मागची चौकट समांतर राहत नाही. माझ्या पहिल्या कॅमेऱ्याला हेच झालं होतं. दोन्ही चौकटींना गुण्या लावून बघा. मी तर आता मरीन प्लायशिवाय काही वापरत नाही.

एक्सरेवाला
चार शीट वाया गेल्या म्हणून एवढं वाईट वाटतंय, म्हणजे महागाची फिल्म वापरताय. एक्स-रे फिल्म आणा. ८×१० चं खोकं मिळतं, एका शीटचे चार तुकडे होतात. होल्डरमध्ये बसायला प्रत्येक बाजूने मिलिमीटरभर छाटावं लागतं, कारण ४×५ ची फिल्म खरी पूर्ण ४×५ इंच नसते. लाल दिव्यात काम होतं, डेव्हलप होताना डोळ्यांनी बघता येतं. दोन्ही बाजूंना इमल्शन (उजेड टिपणारा थर) असतं, ट्रेच्या तळाला काच ठेवा म्हणजे ओरखडे पडत नाहीत.

रानजाई
मी फिल्मबद्दल विचारलेलं नाही. लेन्स श्नायडर सिम्मार-एस १५० मिमी, एफ ५.६, कोपाल झीरो शटर, चोरबाजारातून घेतलेली. फिल्म एचपी फाइव्ह. एफ ५.६ ला १/३० सेकंद. बहिणीला खुर्चीत बसवलं होतं, साधारण दीड मीटरवर. लेन्स खराब असती तर आधीचे फोटोही खराब आले असते ना? लाकूड जुन्या घराच्या तुळईचं आहे, त्याहून सुकलेलं कुठे मिळणार.

प्लेटवाले काका
१/३० म्हणजे माणूस हलला. आमचा मिरजेत स्टुडिओ होता, वडील काचेच्या प्लेटवर काम करायचे. खुर्चीच्या मागे उभा आधार असे, त्याला डोकं टेकवायचं. पुढून दिसत नसे. 'श्वास सोड आणि थांब' म्हणायचे आणि मग लेन्सवरची टोपी काढायचे. तुझ्या आजीला भिंतीला टेकवून बसव, बाळा. आणि घरी कॅमेरा केलास याचं फार कौतुक वाटलं. आपल्याकडे हे काम नवं नाही. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा तयार केला आणि त्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनीचे चित्रपट काढले. तयार माल परवडत नाही म्हणून आपली माणसं थांबली नाहीत.

सागवानी
काका, बाबूरावांचा सिनेमाचा कॅमेरा वेगळा. लाकडी फील्ड कॅमेऱ्यांचं नाव घ्यायचं तर केरळात आलप्पुळ्याला बनायचा त्या वागीश्वरीचं घ्यायला हवं. देशभरच्या स्टुडिओंत तो होता.

प्लेटवाले काका
होता ना, आमच्याकडेही होता. म्हणून कोल्हापूर विसरायचं का?

चौकट
मूळ प्रश्नाकडे येऊ. रानजाई, दोनच गोष्टी सांगा. पहिले चांगले आलेले फोटो किती एफ ला होते? आणि बहिणीच्या फोटोत *कुठेच* काही स्पष्ट नाही, की दुसरं काहीतरी स्पष्ट आहे? माणूस हलला तर सगळं माणूस पुसट होतं आणि खुर्ची स्पष्ट राहते. फोकस चुकला तर माणसाचाच कुठलातरी भाग स्पष्ट असतो.

रानजाई
पहिले कमळगडावरून धोम धरणाच्या पाण्याचे, एफ ३२. आता चारही निगेटिव्ह खिडकीत धरून भिंगाने बघितल्या. डोळे मऊ आहेत. कान स्पष्ट आहे, कानातली कुडीसुद्धा, आणि अंबाड्यातला गजरा कळी न कळी मोजावा असा. चारही शीटमध्ये तसंच आहे.

निळाई
हा रासायनिक फोकस! जुन्या लेन्समध्ये डोळ्याला दिसणारा पिवळा प्रकाश एका ठिकाणी गोळा होतो आणि फिल्मवर काम करणारा निळा दुसऱ्या ठिकाणी. पूर्वी फोकस करून झाल्यावर लेन्स थोडी सरकवायचे. तुम्हीही तसंच करा.

चौकट
ते फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या साध्या भिंगांबाबत खरं होतं. सिम्मार-एस सहा भिंगांची आहे, तिच्यात ही दुरुस्ती मुळातच आहे. आणि एचपी फाइव्ह सगळे रंग बघते. 'थोडी सरकवा' असं सांगितलंत तर त्या अंदाजाने आणखी चार शीट घालवतील.

चारही शीटमध्ये चूक एकाच बाजूला, तेवढीच. म्हणजे काच आणि फिल्म एका पातळीत नाहीत. तुमची काच फिल्मच्या जागेपेक्षा मागे आहे, म्हणून फिल्मवर फोकस डोळ्यांच्या मागे, कानावर पडतोय. एफ ३२ ला फिल्म तीन मिलिमीटर इकडेतिकडे असली तरी चालून जातं, एफ ५.६ ला अर्ध्या मिलिमीटरच्या वर चालत नाही. कमळगडावर चूक असती तरी दिसली नसती.

होल्डरमध्ये एक वाया गेलेली फिल्म घाला, डार्क स्लाइड (फिल्मवरचं सरकतं झाकण) काढा, होल्डरच्या तोंडावर सपाट पोलादी पट्टी आडवी ठेवा आणि व्हर्निअरची मागची दांडी खाली सोडून फिल्मपर्यंतची खोली मोजा. पट्टीची जाडी वजा करा. होल्डर पाच मिलिमीटर खोल असतो, त्यातून फिल्मची जाडी गेली की ४.८ च्या आसपास यायला हवं. मग होल्डर जिथे टेकतो तिथपासून काचेच्या *घासलेल्या* बाजूपर्यंत तसंच मोजा. घासलेली बाजू लेन्सकडेच आहे ना?

रानजाई
घासलेली बाजू लेन्सकडेच आहे, कार्बोरंडम पावडरने मीच घासलीय. आणि काच बसवताना खाच ४.८ च मोजून घेतली होती, म्हणूनच म्हटलं तपासून झालंय.

चौकट
तेव्हा मोजली होती. आज मोजा.

रानजाई
मोजलं. होल्डर ४.८. काच ६.८.

काच हलली नाही, मीच हलवली. कमळगडानंतर कोपरे फार अंधारे दिसत होते म्हणून स्टेशनरीच्या दुकानातून पुस्तक वाचायचं पातळ प्लास्टिकचं भिंग आणलं, गोल गोल बारीक रेघांचं, आणि कापून काचेच्या पुढे खाचेत बसवलं. ते दोन मिलिमीटर जाड आहे. ते फक्त उजेडासाठी आहे असं डोक्यात होतं, म्हणून इथे लिहिलंच नाही.

सागवानी
मग सोपं आहे. खाच पटाशीने दोन मिलिमीटर खोल करा, काम झालं.

चौकट
दोन नाही! प्लास्टिकमधून जाताना प्रकाश वळतो, त्यामुळे फोकस जाडीच्या साधारण एक तृतीयांश मागे सरकतो. म्हणजे चूक दोनची नाही, सव्वा-दीड मिलिमीटरची आहे. दोन कोरलंत तर काच उलट पुढे जाईल. तुळईच्या सागवानाला पटाशी लावूच नका. ते भिंग काढा, काच जुन्या जागी टेकवा आणि भिंग काचेच्या मागे, तुमच्या डोळ्याच्या बाजूला लावा, रेघा काचेकडे करून. तिथे फोकसवर परिणाम होत नाही.

सागवानी
मागे लावलं तर पुढे लावल्याइतका सारखा उजेड मिळत नाही, हे मी वापरून सांगतोय. कंपन्यांचे कित्येक कॅमेरे पुढे लावलेलेच येतात.

चौकट
ते त्या जाडीचा हिशोब धरूनच खाच पाडतात. सात महिन्यांचं काम आहे आणि आजी रविवारी जाणार आहे. आता नवी खाच पाडायची ही वेळ नाही.

रानजाई, फिल्म घालायच्या आधी कागदावर चाचणी घ्या. टेबलावर मोजपट्टी कॅमेऱ्याकडे तिरकी ठेवा, ३० च्या आकड्यावर फोकस करा, एफ ५.६ लाच काढा. होल्डरमध्ये ब्रोमाइड पेपरचा (फोटो छापायच्या कागदाचा) तुकडा. त्याची गती (आयएसओ) सहाच्या आसपास धरा, म्हणजे एचपी फाइव्हला जिथे १/३० लागतो तिथे दोन सेकंद. लाल दिव्यात लगेच धुऊन बघता येईल. आणि आजीचा फोटो एफ ८ ला काढा. दीड मीटरवर भाता थोडा जास्त ताणला जातो, त्यासाठी एक तृतीयांश स्टॉप उजेड वाढवा.

एक्सरेवाला
ही चाचणी एक्स-रे फिल्मवर आणखी छान होते.

रानजाई (शनिवार)
भिंग मागे लावलं, काच पुन्हा ४.८. कागदावर ३० स्पष्ट, २९ आणि ३१ सारखेच मऊ. चौकट, तुम्ही पुन्हा पुन्हा विचारलंत म्हणून झालं. मी वर चिडून लिहिलं त्याबद्दल माफ करा.

रानजाई (रविवार)
सकाळी ओसरीवर काढले. काका, तिला खांबाला टेकवून बसवलं आणि 'श्वास सोड आणि थांब' असंच म्हटलं. ती म्हणाली, तिच्या लग्नातल्या फोटोवाल्यानेही हेच सांगितलं होतं. दोन शीट. गाडी सुटायच्या आत एक धुऊन तिला ओलीच दाखवली. उलट्या रंगात तिने स्वतःला ओळखलं नाही, लुगड्याचा काठ मात्र ओळखला. पापण्या आहेत.

प्लेटवाले काका
वाळली की लगेच कॉन्टॅक्ट प्रिंट (निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून) काढ आणि पोस्टाने चिपळूणला धाड. उशीर करू नकोस.

नवखा_४५
धागा पूर्ण वाचला. भात्याला कापड कुठलं वापरलंत ते कुठेच लिहिलेलं नाही. आत किती थर, आणि घड्यांमध्ये पुठ्ठा घातलात का?