पाढ्याची चाल सोडू नका
तुमची मुलगी चारचा पाढा चालीवर घडाघडा म्हणते, पण ‘चार साती?’ विचारलं की पुन्हा ‘चार एके’पासून सुरू करते, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडेही अगदी हेच होत होतं. चाल मात्र सोडू नका. मी पोळ्या लाटताना लेकाला वाटीभर शेंगदाणे देते. ‘चार त्रिक’ म्हटलं की चार-चार दाण्यांच्या तीन रांगा लावायच्या, मगच ‘बारा’ गायचं. कधी मी मध्येच थांबते, ‘चार सक…’, आणि ‘चोवीस’ तो ओरडतो. कधी ‘चार दाहे चाळीस’पासून उलटं खाली यायचं. आणि ‘त्रिक, चोक, सक’ हे शब्द कृपा करून बदलू नका, सगळा ठेका त्यांच्यातच आहे!