इग्वानाचे मागचे पाय थरथरतात, खाणं बंद, कुठे चुकतंय?

मानेवाडा_मन्या
हिरवा इग्वाना (मोठ्या जातीचा पाळीव सरडा), अंदाजे ५ महिन्यांचा, शेपटीसकट ३८ सेंमी. ३ फुटी काचेची टाकी दक्षिणेच्या खिडकीला लागून, वर ६० वॅटचा साधा बल्ब. खोलीत कूलर सुरू आहे, पण उकाडा वाढल्यापासून बल्ब दिवसा बंदच असतो. खाणं म्हणजे रोज पालक आणि काकडी, आठवड्यातून दोनदा उकडलेलं अंडं. ३ दिवसांपासून काहीच खाऊन नाही राहिला. मागचे पाय थरथरतात, बोटांवर जुनी कात अडकली आहे, नाकाशी पांढरा थर दिसतो. दुकानदार म्हणतो कॅल्शियमचं टॉनिक पाजा, ऊन तर खिडकीतून मिळतंच. घरचे म्हणतात चुना चाटवा. काय करावं?

शेवग्याचा_पाला
चुना अजिबात नको भाऊ. पानाचा चुना दाहक असतो, तोंड आणि अन्ननलिका भाजेल. माणसाचं टॉनिकही नको. त्यात साखर असते, बऱ्याचदा फॉस्फरस आणि व्हिटॅमिन डी३ही असतं, आणि एवढ्याशा जिवाला डी३चा डोस अंदाजाने देता येत नाही.

पाय थरथरणं म्हणजे रक्तातलं कॅल्शियम खाली गेल्याची खूण. यात आजच डॉक्टर गाठायचा, उद्यावर ढकलायचं नाही. नागपुरात सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात विचारा, सरपटणारे प्राणी बघणारे डॉक्टर कधी असतात ते. एक्स-रे सांगतील, कॅल्शियम तेच देतील. जाताना भोकं पाडलेल्या खोक्यात जुना टॉवेल घालून न्या. उन्हात उभ्या गाडीत एक मिनिटही ठेवू नका.

तोवर घरी जबरदस्तीने भरवू नका. अंग थंड आणि कोरडं असताना पोटात गेलेलं पचत नाही, सडतं. आधी कोमट पाण्यात बसवा: मनगटावर ना गरम ना गार लागेल असं, खांद्यापर्यंत खोल, २० मिनिटं, समोर बसून. कात त्यातच मऊ होईल, मग ओल्या कापसाने हलकेच चोळा. कोरडी कात ओढली तर खालची कातडी सोलते, आणि तशीच राहू दिली तर बोटाभोवती कडं आवळून बोट काळं पडून गळतं.

नाकाजवळचा पांढरा थर मात्र आजार नाही. जास्तीचं मीठ इग्वाना नाकातून शिंकरून टाकतो. पुसून टाका.

टी५_वाला
मूळ दोष खिडकीत आहे. काचेतून ऊब येते, उजेड येतो, पण उन्हातली न दिसणारी यूव्हीबी किरणं जवळजवळ सगळी काचेतच अडतात. यूव्हीबी नाही म्हणजे कातडीत डी३ बनत नाही, आणि डी३शिवाय खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात जातच नाही. मग शरीर ते हाडांतून ओढून घेतं. जबडा रबरासारखा मऊ होणं, मांडी सुजणं, मागचे पाय लुळे पडणं, ही सगळी त्याचीच पुढची पायरी.

नागपुरात जो तो हीच चूक करतो: उन्हाळ्यात गरम होतं म्हणून दिवेच बंद. ऊब आणि यूव्हीबी ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांना दोन वेगळे दिवे हवेत. यूव्हीबीची टी५ नळी (बारीक ट्यूबलाइट) फारशी तापत नाही, ती मे महिन्यातही रोज १२ तास चालू राहिली पाहिजे. बसायच्या फांदीपासून साधारण ३० सेंमी वर, मध्ये काच किंवा प्लास्टिक नको. वर्षभराने बदला, नळी पेटलेली दिसते, पण यूव्हीबी केव्हाच संपलेलं असतं.

उबेचा बल्ब थर्मोस्टॅटवर (ठरलेल्या तापमानाला बल्ब आपोआप बंद-चालू करणारं यंत्र) लावा. शेकायच्या जागी ३५ ते ३८ अंश, थंड कोपऱ्यात २६-२८, रात्री २२-२४. खोलीच ४० वर गेली तर बल्ब आपोआप बंद राहील आणि थंड कोपऱ्यासाठी तुमचा कूलर लागेलच. पण त्याचा झोत थेट टाकीवर नको. डिसेंबर-जानेवारीत पारा १० च्या खाली उतरतो, तेव्हा रात्री उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, तोही जाळीच्या पिंजऱ्यात. विजेवर तापणारा गरम दगड घेऊच नका, पोट भाजेपर्यंत इग्वाना त्यावरून उठत नाही.

ओलाव्याचं म्हणाल तर इग्वानाला ६० ते ८० टक्के लागतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात हवा पापडासारखी. खोलीतला कूलर इथे खरं तर मदतच करतो. त्यावर दिवसातून ३ वेळा पाण्याची फवारणी आणि एक मोठं पसरट भांडं. पावसाळ्यात उलट, तेव्हा हवा खेळती ठेवा, नाहीतर पोटाखाली फोड येतात.

गोकुळपेठ_भाजी
पालकात कॅल्शियम भरपूर, पण त्यातलंच ऑक्झलेट नावाचं द्रव्य ते धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. आंबट चुका, राजगिरा आणि आपली चिवळ, सगळी तीच गत. कधीतरी चालतील, रोज नाही. काकडी म्हणजे पाणी. कोबी-फुलकोबी रोज दिली तर थायरॉइडवर परिणाम होतो.

रोजच्या ताटात ८० टक्के पाला: शेवगा, तुतीची आणि जास्वंदीची पानं, लसूणघास (बकऱ्यांना घालतात तोच). बाकी किसलेला लाल भोपळा, दोडका, घेवडा. पपई किंवा अंजीर चिमूटभर, चवीपुरतं. पाला ३ पाण्यांतून धुवा, फवारणी असते. तुकडे त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठे नकोत. सकाळी शेकून तासभर झाला की वाढा, आणि शेवटचं खाणं दिवे मालवायच्या २ तास आधी.

वर फॉस्फरस नसलेली कॅल्शियमची पूड, या वयात आठवड्यातून ५ दिवस, चिमूटभर. अंड्याची टरफलं १० मिनिटं उकळून, वाळवून, मैद्यासारखी दळली तरी तेच कॅल्शियम कार्बोनेट.

मानेवाडा_मन्या
डॉक्टरांची वेळ घेतली, दुपारी जातो. नळी यायला ४ दिवस लागतील. तोवर गच्चीवर नेऊ? आणि अंडं आठवड्यातून एकदा तरी? वाढत्या अंगाला प्रोटीन हवं ना?

शेवग्याचा_पाला
अंडं, कुत्र्याचं खाणं, किडे, सगळं बंद. इग्वाना पूर्ण शाकाहारी. प्राणिज प्रोटीन त्याच्या मूत्रपिंडाला झेपत नाही, यूरिक ॲसिड साचून सांधे सुजतात. वाढीचं प्रोटीन शेवगा आणि लसूणघासातून मिळतं.

गच्ची चालेल. तारेच्या पिंजऱ्यात, अर्धा भाग ओल्या गोणपाटाने झाकून, सकाळी ८ ते ८:३०. काचेची टाकी उन्हात नको, १० मिनिटांत भट्टी होते. तोंड उघडून धापा टाकायला लागला की लगेच सावलीत. आणि मांजरी-कावळ्यांवर नजर ठेवा.

टी५_वाला
एक राहिलं. हिरवा इग्वाना साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये आहे, म्हणून वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. दुकानाची पावती जपून ठेवा. हा नियम परदेशी जातीसाठी. परसात घोरपडीचं पिल्लू सापडलं तर ते पाळता येत नाही, ती त्याच कायद्याच्या अनुसूची १ मधली, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीतली आहे.

आणि ३ फुटी टाकी वर्षभरच पुरेल. पूर्ण वाढला की शेपटीसकट ५ फुटांच्या पुढे जातो, तेव्हा ६ फूट उंचीचा पिंजरा लागतो. पाण्याचं भांडं स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका, साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) असतो. हात लावला की साबण.