मदत हवी आहे: ऑटो स्टार्ट-स्टॉप चालत नाही, गाडी मात्र ठणठणीत. बॅटरी बदलायचीच का?

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवा आहे.

पुण्यात राहतो. पेट्रोल, मॅन्युअल गिअरची हॅचबॅक आहे, बॅटरी गाडीसोबत आलेलीच, तीन वर्षं उलटून गेलेली. सिग्नलला न्यूट्रल करून क्लच सोडला की इंजिन बंद व्हायचं, क्लच दाबला की लगेच चालू. मला ही सोय मनापासून आवडते. विद्यापीठ चौकात अडकल्यावर पेट्रोल उगाच जळत नाही. पावसाळा लागल्यापासून मात्र इंजिन बंदच होत नाही.

गाडी सध्या आई चालवते. कोथरूडातल्या कोथरूडात, भाजी, बँक, कर्वे रोडवरचा दवाखाना. एसी चालू, काचेवर वाफ धरते म्हणून डीफॉगर चालू, संध्याकाळी दिवे. हायवेला गाडी क्वचितच लागते.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात बॅटरी गेली, ईएफबीच (स्टार्ट-स्टॉपच्या गाड्यांसाठीची जास्त दणकट बॅटरी) टाकावी लागेल, आणि ती साध्या बॅटरीपेक्षा बरीच महाग. कोपऱ्यावरचा बॅटरीवाला म्हणतो साधी टाका, काही होत नाही. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो ही भानगडच बंद करून टाका, सेल्फ लवकर जातो. पण सेल्फ तर अजून एका झटक्यात लागतो! मग बॅटरी गेली कशी? पैशांपेक्षा मला काळजी आहे ती आई भर पावसात कुठे अडकू नये याची.

प्रतिसाद

आधी तपासा, मग बदला. स्टार्ट-स्टॉप न चालणं हा बहुतेक वेळा बिघाड नसतो. अशा बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो, तो चार्जवर लक्ष ठेवतो. चार्ज ठरावीक पातळीच्या खाली गेला की गाडी सिग्नलला इंजिन बंद करत नाही, कारण पुन्हा चालू होण्याची खात्री हवी. ही पातळी मुद्दाम वरची ठेवलेली असते. म्हणून सेल्फ झटक्यात लागतो तरीही स्टार्ट-स्टॉप चालत नाही, असं होऊ शकतं. शिवाय इंजिन पुरेसं तापलेलं नसेल, एसीवर ताण असेल किंवा डीफॉगर चालू असेल तरीही स्टार्ट-स्टॉप चालत नाही. तुमच्या आईंच्या फेऱ्यांत या सगळ्या गोष्टी एकत्र येतात, आणि बॅटरी भरायच्या आत घर येतं.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी सेल्फ मारण्याआधी मल्टिमीटरने मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. अर्धी असेल तर चार्जर लावा, पण निगेटिव्ह चिमटा टर्मिनलला न लावता बॉडीच्या अर्थिंगला लावा, नाहीतर सेन्सरला चार्जिंगचा पत्ताच लागत नाही. पूर्ण चार्ज करून मग लोड टेस्ट, म्हणजे बॅटरीवर भार टाकून ती तग धरते का ते बघणं. त्यात नापास झाली तर मात्र पावसाळा सरायची वाट बघू नका, लगेच बदला.

आणि बदलली तर ईएफबीच घ्या. सिग्नलागणिक सेल्फ मारणं साध्या बॅटरीला सोसत नाही, ती लवकर बसते. सेल्फची चिंता सोडा, या गाड्यांत तो मुळातच जास्त वेळा फिरायच्या हिशेबाने बनवलेला असतो. आईंना नकोच असेल तर डॅशबोर्डवरचं बटण दाबायचं. बहुतेक गाड्यांत ते दर वेळी गाडी चालू केली की पुन्हा दाबावं लागतं. वायरिंग कापून कायमचं बंद करू देऊ नका, वॉरंटीचा प्रश्न येईल.

धागाकर्ता

मनापासून आभार, इतकं नीट कुणीच सांगितलं नव्हतं. मल्टिमीटर शेजाऱ्यांकडे आहे, उद्या सकाळीच मोजून आकडा इथे टाकतो. चार्जर मात्र नाही. रविवारी लोणावळ्यापर्यंत जाऊन आलो तर तेवढ्यात बॅटरी भरेल का? आणि कोथरूडात घरी येऊन लोड टेस्ट करणारं कुणी खात्रीचं माहीत असेल तर कृपया सांगा.