लेप्टोचा पेशंट आणि मुंबईची घाई
"आजार गंभीर दिसला की सरळ मुंबई गाठा" हे मत लेप्टोला (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूंच्या तापाला) सरसकट लागू नाही, दादा. भातलावणीत उंदराच्या मुताने दूषित झालेल्या चिखलात भेगाळल्या पायांनी राबायचं, मग ताप, पोटऱ्या ठणकणं, लाल डोळे. माणूस 'दमणूक' म्हणून पडून राहतो! डॉक्सीसायक्लिन किंवा पेनिसिलिन वेळेत मिळालं तर बहुतेक जण तालुक्यालाच बरे होतात. तालुक्याच्याच गावी, महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाचे अत्यवस्थ पेशंट प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीवर वाचवलेच ना? मात्र लेप्टोत थुंकीतून रक्त आलं, दम लागला तर मोठं हॉस्पिटल गाठावंच. लघवी घटली तर डायलिसिस लागू शकतं, पण ते सहसा जन्माचं नसतं. मूत्रपिंडं बहुधा काही आठवड्यांत सावरतात. घाबरलेल्या घरच्यांना हे आधी सांगा.