प्रीतम कोटाल देऊन सहल घेतला: बागानचा सौदा जमला की फसला?

वैनगंगाकाठ: जुलै २०२३ मध्ये कोलकात्याच्या मोहन बागान फुटबॉल क्लबने आपला कप्तान, बचावपटू प्रीतम कोटाल केरळ ब्लास्टर्स क्लबला दिला अन् बदल्यात मिडफिल्डर सहल अब्दुल समद घेतला. चारच महिने आधी प्रीतमने गोव्यात आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा कप उचलला होता. तरी माझं मत, सौदा बरोबर. प्रीतम तिशीला टेकलेला, सहल २६ चा. मागे बचावाला अन्वर अली आलाच होता. एप्रिल २०२४ ची ओडिशाविरुद्धची सेमीफायनल आठवा, इंज्युरी टाईममध्ये गोल कोणाचा? सहलचा.

स्टॉपर_वडसा: अन् फायनल? मुंबईनं ३-१ नं धुतलं, ते नाई सांगत. त्याच्या आधी नोव्हेंबरात एएफसी कपमध्ये, म्हणजे आशियाई क्लबांच्या स्पर्धेत, ओडिशानं कोलकात्यात येऊन ५ गोल घातले. डिसेंबरात लागोपाठ तीन हार, तिसरी केरळकडून, म्हणजे प्रीतमच्याच नव्या टीमकडून! मागं बोलणारा माणूस नसला का असंच होते. आमच्याकडे धान कापल्यावर बांधीत मॅच होतात. धसकटं पायाला टोचतात, बॉल धुऱ्याला लागून कुठंही उडतो. आमचा काका ४० चा हाये, पळत नाई, पण "डावा सोड, आत ये!" असा ओरडते का अर्धा गोल तिथंच वाचते. मागल्या साली त्याले बसवून एक पोरगा खेळवला. चार खाल्ले.

वैनगंगाकाठ: तेव्हा अन्वर जखमी होता भाऊ. अन् त्याच सीझनला लीग शिल्ड, म्हणजे गुणतक्त्यात पहिलं येण्याची ढाल, बागाननेच जिंकली ना? २०२४-२५ ला तर शिल्ड अन् कप दोन्ही.

स्टॉपर_वडसा: २०२४-२५ मध्ये मागं आल्ड्रेड अन् अल्बर्टो हे बचावपटू होते, म्हणून. सहलचं नाव काहून घुसवता?

मुलचेरा_लालपिवळा: मी मधात बोलू का? आमचे आजोबा पूर्व पाकिस्तानातून इकडे आले, त्यामुळे घर ईस्ट बंगालचं, म्हणजे बागानच्या कोलकात्यातल्याच कट्टर वैरी क्लबचं. बागान हरलं का आई मासे तळते. इलिश (हिलसा मासा) कुठून आणणार गडचिरोलीत, रोहूच. तर ज्या अन्वरच्या भरवशावर तुम्ही प्रीतमला सोडलं, तो २०२४ मध्ये कोणाकडे आला? आमच्याकडे! कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याचा घरचा पोरगा प्रीतम दिला अन् पाहुणाही टिकला नाही.

वैनगंगाकाठ: हे मात्र झोंबलं. अन्वरचं मी धरलंच नव्हतं. पण तो जाणार हे २०२३ मध्ये कोणाला ठाऊक होतं? त्या दिवशी हातात होतं त्यावरून सौदा ठीकच होता. एक मान्य, कप्तानाला कप उचलून चार महिने होत नाहीत तोच पाठवणं, हे मनाला लागतं.

मुलचेरा_लालपिवळा: आम्हाले नाई लागलं, आम्ही रोहू खाल्ला.

स्टॉपर_वडसा: जाऊ द्या. रविवारी देसाईगंजात आमच्याशी मॅच हाये ना तुमची? तुमच्या टीमचा तो म्हातारा राईट बॅक काढणार का मंग, तिशी कवाच उलटली त्याची?

वैनगंगाकाठ: त्याला कसा काढू, बॉल त्याचाच आहे.